कृतज्ञतेची वही: सुरू कशी करायची आणि चालू कशी ठेवायची

कृतज्ञतेची वही सुरू करणाऱ्या बहुतेकांचं गाडं चौथ्या-पाचव्या दिवशी अडतं. पहिल्या दिवशी लिहिलेलं असतं: आईवडील, आरोग्य, नोकरी. दुसऱ्या दिवशी मुलं, घर, अंबाबाईची कृपा. तिसऱ्या दिवशी परत आरोग्य. चौथ्या दिवशी माणूस पेन चावत बसतो आणि पुढच्या आठवड्यात तीच वही दुधाच्या हिशेबाला लागते. वर निष्कर्ष निघतो की हे रिकामटेकड्यांचं काम, आपल्याला जमायचं नाही.

जमतं. पण 'आरोग्य' एवढा एक शब्द लिहून मन हलत नाही, कारण त्यात डोळ्यांपुढे काही उभंच राहत नाही. नोंदीत माणूस पाहिजे, त्यानं केलेली नेमकी गोष्ट पाहिजे आणि ती करताना त्याचं काय खर्ची पडलं तेही पाहिजे. वेळ, पैसा, झोप, कष्ट, काहीही. एवढं आलं की वही रोज वेगळी भरते. खाली जी पद्धत सांगतोय ती सगळी याच गोष्टीभोवती आहे.

उपयोग होतो का?

होतो, पण रील्समध्ये सांगतात तेवढा नाही.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटानं आठवड्यातून एकदा, मनापासून आभार वाटावेत अशा पाच गोष्टी लिहायच्या. दुसऱ्यानं डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टी लिहायच्या. तिसऱ्यानं आठवड्यात जे घडलं ते नुसतं नोंदवायचं. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातली मुलं आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होती, अंगदुखी-डोकेदुखीच्या तक्रारी कमी सांगत होती आणि व्यायामही जास्त करत होती. पुढे २००५ साली मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन बऱ्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहायला सांगितलं. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता, आणि आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांच्यात जास्त.

आता दुसरी बाजू. २०२० साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी असे २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवरचा परिणाम लहानच निघाला. म्हणजे वही हा औषधाला पर्याय नाही. रोजच्या जगण्याची चव थोडी सुधारणारी सवय, एवढीच तिची पायरी धरावी. मला तरी तेवढं पुरेसं वाटतं.

हे चालतं कसं, तेही बघू. केएमटी, म्हणजे कोल्हापूरची शहर बस, उशिरा आली की संध्याकाळी घरात त्याची गोष्ट होते. वेळेवर आली त्या दिवसाची गोष्ट कुणी सांगत नाही. त्रास आधी टिपायचा आणि बरं चाललंय ते गृहीत धरायचं, हे मनाचं जुनं वळण आहे. शिवाय माणसाला सगळ्याची सवय होते. नवी बुलेट पहिले पंधरा दिवस रोज पुसली जाते, नंतर ती नुसती गाडी असते. वहीनं या दोन्ही खोडींना थोडा लगाम बसतो.

वही, वेळ आणि बसायची जागा

इथं फार वेळ घालवू नका. नव्या वर्षाला विमा एजंटनं दिलेली डायरी चालेल, पोराची अर्धी राहिलेली वही चालेल. मोबाईलवर लिहू नका असं मी सांगेन, कारण मोबाईल उघडला की आधी तालमीच्या ग्रुपवर काय चाललंय ते बघितलं जातं आणि तिथून माणूस परत येत नाही.

वेळ मात्र विचार करून ठरवा. पुस्तकांत सगळे 'झोपण्यापूर्वी' म्हणतात. ज्या बाईचं स्वयंपाकघर रात्री साडेदहाला आवरतं, तिनं डोळे मिटत असताना काय लिहायचं? तिला दुपारचा चहा बरा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यानं सकाळी घरी येऊन आंघोळ झाल्यावर लिहावं. दुकानदारानं गल्ला मोजल्यावर, शटर ओढायच्या आधी. सकाळी रंकाळ्याला फेरी मारणाऱ्यांनी कट्ट्यावर बसून काल दिवसभराचं लिहावं. तिथं गप्पा मारायला ओळखीचे भेटतातच, तेव्हा आधी वही आणि मग गप्पा. एकूण मुद्दा असा की जे काम रोज चुकत नाही त्याच्या शेपटीला ही वही बांधा. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागायचं कारण नाही.

किती वेळा लिहायचं, यावर लोकांचा गैरसमज आहे. रोज लिहिलं तर जास्त फायदा असं वाटतं. पण सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. रोजचं झालं की पाट्या टाकणं सुरू होतं. म्हणून पहिला आठवडा रोज लिहा, तो हात बसवण्यासाठी. त्यानंतर आठवड्यातून एक किंवा दोन दिवस, पण त्या दिवशी नीट बसून.

नोंद कशी लिहायची

सगळा जीव इथं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. एका बैठकीत तीन नोंदी. त्यांतली किमान एक माणसाबद्दल. प्रत्येकीत चार गोष्टी बघायच्या: कोणी केलं, नेमकं काय केलं, त्याचं काय खर्ची पडलं आणि ते झालं नसतं तर माझं काय झालं असतं.

समजा कुणी लिहिलं, "शेजारच्या काकूंनी मदत केली, आभारी आहे." यात काहीच नाही. महिन्यानं वाचलं तर कुठल्या काकू आणि कसली मदत हेही आठवणार नाही. तीच नोंद अशी लिहून बघा:

"वर्षाच्या चटणीसाठी संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या गच्चीत वाळत घातल्या होत्या. चारच्या सुमाराला वळीव आला. आम्ही कुणी घरी नव्हतो. खालच्या काकू वर गेल्या आणि सगळ्या मिरच्या चादरीत गोळा करून जिन्याच्या आत आणून ठेवल्या. त्यांचे गुडघे दुखतात, दोन जिने चढताना त्या मध्ये थांबतात. संध्याकाळी भेटल्या तेव्हा काही बोलल्याही नाहीत, पण सारखे हात धूत होत्या आणि शिंकत होत्या, त्यावरून कळलं. मिरच्या भिजल्या असत्या तर काळ्या पडल्या असत्या. वर्षाची चटणी गेली असती."

ही नोंद लिहिताना माणूस परत त्या जिन्यावर जातो. काकूंचे चुरचुरणारे हात त्याला दिसतात. बरं वाटतं ते या दिसण्यामुळे. 'आभारी आहे' हे शब्द लिहिले नाहीत तरी चालतंय.

आता 'का' हा प्रश्न. सेलिग्मन यांच्या प्रयोगात प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हे लिहायचं होतं, आणि लोक नेमकं हेच गाळतात. "साहेबांनी रजा मंजूर केली." का केली? "कारण जोडीदारानं माझी पाळी उचलली." त्यानं का उचलली? "कारण गेल्या महिन्यात मी न सांगता त्याचं काम केलं होतं." बघा, आभार साहेबांच्या नावावर जमा होणार होते, ते योग्य माणसाकडे गेले. आणि शेवटी त्यात आपलाही थोडा वाटा निघाला. तोही लिहायचा, लाजायचं कारण नाही.

सगळ्याच नोंदी एवढ्या वजनदार असायची गरज नाही. मिसळीच्या दुकानातल्या पोरानं न मागता कट आणून वाढला, हे लिहिता येईल? येईल, फक्त कोल्हापुरात कट मागायला लागणं हीच मोठी बातमी आहे, तेव्हा नोंद थोडी फिरवा: दुकानात गर्दी होती, पोरगं घामाघूम झालं होतं आणि तरी आपल्या वाटीकडे त्याचं लक्ष होतं. गंगावेशीत पहाटे म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जाणाऱ्यानं ग्लासभर दुधाबद्दल लिहावंच, पण म्हशी घेऊन येणारा माणूस त्याआधी किती वाजता उठला असेल हेही लिहावं.

ज्यात माणूस नाही अशा नोंदींनाही बंदी नाही. पन्हाळ्यावरचं धुकं, ज्योतिबाच्या डोंगरावरचा वारा, उसाच्या गाळप हंगामात गुऱ्हाळापासून येणारा काकवीचा वास. फक्त तीनही नोंदी अशाच असतील तर वही निसर्गवर्णनाची होते.

सुचत नसेल तेव्हा वजाबाकी करा

असे दिवस येतात. दिवसभर नुसती कटकट झालेली असते आणि वही उघडली की चीड येते. त्या दिवशी 'काय मिळालं' हा प्रश्न सोडून द्या आणि 'हे नसतं तर' असं विचारा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत असं आढळलं की एखादी चांगली गोष्ट कशी घडली यावर लिहिण्यापेक्षा ती कशी घडली नसती यावर लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं. जोडीदार भेटला कसा, यापेक्षा तो भेटलाच नसता तर, हे लिहिणाऱ्यांना आपलं नातं जास्त मोलाचं वाटलं.

कोल्हापूरकरांना ही वजाबाकी शिकवायला नको, ती पंचगंगेनं शिकवलेली आहे. २०१९ चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. बाहेर सगळीकडे पाणी आणि घरात नळाला थेंब नाही, कारण शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच बुडाली होती. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, पेट्रोलची मारामार झाली. टँकर आला की घागरी घेऊन बाया-पुरुष-पोरं सगळेच पळत होते.

आता वही घ्या आणि 'नळ' असं लिहा. खाली त्या दिवसांतली एकच गोष्ट लिहा, जेवढी नेमकी आठवेल तेवढी: किती घागरींत आंघोळी उरकल्या, कोणाच्या बोअरवेलवर रांग लावली, कोणी आपल्या घरात राहायला नेलं. त्या घरातल्या माणसांची नावं आठवतात का बघा. नसतील आठवत तर विचारून घ्या.

हीच वजाबाकी उलट्या दिशेनं वरही नेता येते. नळ सोडणारा पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, त्याच्या मागे बालिंग्याचे पंप, त्यांच्या मागे भोगावती, तिच्या मागे राधानगरीचं धरण आणि त्याच्या मागे ते काम हाती घेणारे शाहू महाराज. किंवा तुमचे आजोबा महाराजांनी उभ्या केलेल्या बोर्डिंगपैकी एखाद्यात राहून शिकले असतील. त्यातलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं. तिथं जागा मिळाली नसती तर आजोबा गावाकडे राहिले असते, वडील शहरात आले नसते आणि तुम्ही आज ज्या टेबलाशी बसलाय तिथं दुसरं कुणीतरी बसलं असतं. ही साखळी एकदा कागदावर काढून बघण्यासारखी आहे. एका संध्याकाळच्या बैठकीला पुरून उरते.

मागच्या पानावर माणसांची यादी

वहीचं शेवटचं पान नावांसाठी ठेवा. ज्यांच्यामुळे तुमचा दिवस सुरळीत जातो आणि ज्यांच्याकडे तुमचं लक्ष जात नाही, अशी माणसं. जुलैच्या पावसात रात्री खांबावर चढलेला वायरमन. घंटागाडीवरची ताई. सीपीआर या सरकारी दवाखान्यातली रात्रपाळीची सिस्टर. पोराला शाळेत नेणारे रिक्षावाले मामा, जे पोरगं दारातून आत गेलेलं दिसेपर्यंत गाडी हलवत नाहीत. बऱ्याचदा अशा माणसाचं नावच आपल्याला माहीत नसतं. मग पहिलं काम नाव विचारायचं. "मामा, तुमचं नाव काय ओ? इतकी वर्षं विचारलंच न्हाई," एवढ्यावरही माणूस खुलतो.

जपानमध्ये योशिमोतो इशिन यांनी 'नाइकान' नावाची एक पद्धत रुजवली. त्यात एका माणसाबद्दल तीन प्रश्न विचारायचे: त्याच्याकडून मला काय मिळालं, मी त्याला काय दिलं आणि माझ्यामुळे त्याला काय त्रास झाला. तिसरा प्रश्न टोचतो. महिन्यातून एकदा, यादीतलं एक नाव घेऊन, हे तीन प्रश्न लिहून बघा. त्याहून जास्त वेळा नको; स्वतःला कोसत बसायला आपल्याला निमित्त लागत नाही.

सांगायचं कसं

खरी पंचाईत इथं आहे. आपल्याकडे घरच्या माणसाला 'थँक्यू' म्हटलं की ते परकं वाटतं. मित्राला म्हणालात तर उत्तर येतं, "गप ए, थँक्यू म्हणं! परका झालास व्हय?" आईला म्हणालात तर ती कपाळाला हात लावून बघेल, ताप आलाय का. त्यामुळे बहुतेक लोक वहीपर्यंत येतात आणि तिथंच थांबतात.

यातून वाट सोपी आहे: आभार मानू नका, गोष्ट सांगा. समोरच्यानं काय केलं आणि त्यामुळे काय झालं, एवढंच. आभार त्यात येतातच.

मित्राला: "भावा, त्या रात्री तू गाडी काढलीस म्हणून आईला टायमात नेता आलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर चालला नसता. माझ्या ध्यानात हाय ते." एवढं बोलून लगेच विषय बदला, "चहा घेऊया का?" तोही मोकळा होतो आणि तुम्हीही.

सासूबाईंना सुनेनं: "आई, तुम्ही सकाळी पोरांचे डबे भरता ना, त्यामुळे माझी सव्वानऊची बस मिळते. नाहीतर रोज लेट मार्क होता."

वडिलांशी असलं बोलणं बऱ्याच जणांना जमत नाही. तिथं आडमार्ग चालतो. पाहुणे आले असताना त्यांच्यादेखत सांगा: "आण्णांनी तेव्हा उद्यमनगरात डबल पाळी केली म्हणून माझं डिप्लोमाचं शिक्षण झालं." आण्णा "हं" म्हणून पेपर वर करतील. काम झालेलं असतं. चुलत्याकडे कौतुक केलं की ते फिरून योग्य ठिकाणी पोहोचतंच, हा आपल्याकडचा जुना रस्ता आहे आणि तो हक्कानं वापरावा.

बोलताना अवघडायला होतं, ही भीती सगळीकडचीच आहे. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ साली लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि विचारलं, वाचणाऱ्याला कसं वाटेल? लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात वाचणारे कमी अवघडले आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावले. लिहिणाऱ्याला आपली भाषा जमेल का याची काळजी होती. वाचणाऱ्याला भाषेशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त त्यातली ऊब लागली.

ज्यांना पत्र लिहायचंय त्यांनी एक पान पुरे धरावं. शाळेतले सर, पहिली नोकरी देणारे, अडचणीत बिनव्याजी पैसे देणारे. सुरुवात "आपले उपकार या जन्मी फिटणार नाहीत" असल्या ठोकळ्यानं करू नका. थेट प्रसंगावर या: "सर, आठवीत तुम्ही मला वर्गाबाहेर बोलावून फीची पावती हातात दिली होती. पैसे कोणी भरले ते तुम्ही सांगितलं नाही. मी आज जे काम करतो ते असं असं आहे. त्या पावतीपासून इथपर्यंत आलो." मग शक्य असेल तर जाऊन वाचून दाखवा. सेलिग्मन यांच्या २००५ च्या प्रयोगात अशा भेटीचा परिणाम सगळ्यांत मोठा होता, पण महिन्याभरानं तो ओसरू लागला. म्हणून वर्षातून तीन-चार वेळा, वेगवेगळ्या माणसांना.

ज्याला पत्र लिहायचं तो हयात नसेल, किंवा आता बोलणं उरलेलं नसेल, तरी लिहा. इंडियाना विद्यापीठात समुपदेशनासाठी आलेल्या सुमारे तीनशे जणांवर अभ्यास झाला. कृतज्ञतेची पत्रं लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती पाठवलीच नाहीत, तरीही बारा आठवड्यांनी त्यांची मनःस्थिती इतर गटांपेक्षा बरी होती.

एक सावधगिरी. आभार सांगायला जाताना लगेच पेढ्यांचा बॉक्स किंवा साडी नेऊ नका. आपल्यात देण्याघेण्याचा हिशेब फार चोख असतो. तुम्ही साडी नेली की त्या काकू दिवाळीला परत काहीतरी पाठवणार आणि मिरच्यांची गोष्ट बाजूला पडणार. परतफेडीची अपेक्षा जाणवली की मनात कृतज्ञता कमी होते आणि ओझं वाढतं, हे अभ्यासांतही दिसलंय. भेटवस्तू द्यायचीच तर महिन्या-दोन महिन्यांनी, दुसऱ्या कुठल्यातरी निमित्तानं द्या.

घरात आणि पोरांबरोबर

रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसत असाल तर ज्याला वाटेल त्यानं एक गोष्ट सांगायची, एवढंच ठेवा. सक्ती नको. पोरगं "आज काही नाही" म्हणालं तर "बरं" म्हणून भात वाढा. "बघ, लोकांना खायला मिळत नाही" हे तर अजिबात नको. त्यातून पोराला अपराधी वाटतं, दुसरं काही होत नाही. जेवण झाल्यावर 'अन्नदाता सुखी भव' म्हणायची पद्धत अजून ज्या घरांत आहे, तिथं पोराला एकदाच विचारा की आजच्या ताटातला अन्नदाता कोण कोण? ज्वारी पिकवणारा, गिरणीवाला, भाकरी थापणारी. मोठ्यांनाही ही यादी पुरी करता येत नाही.

वही कुठं वापरू नये

पगार तीन महिने थकवणारा मालक "नोकरी आहे ना, त्याबद्दल आभारी राहा" म्हणत असेल तर त्याला वही दाखवू नका, हिशेब दाखवा. सासरी छळ होत असलेल्या मुलीला "चांगलं तेवढं बघ" हा सल्ला देणं पाप आहे. कृतज्ञता आणि तक्रार एका माणसात सुखानं राहू शकतात. वही लिहिता म्हणून भांडायचा हक्क जात नाही.

घरात कोणी गेलं असेल तर पहिले काही आठवडे वही बंद ठेवली तरी चालते. रडू येतंय तर रडावं.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतंय अशी अवस्था असेल तर वहीच्या नादात दिवस घालवू नका. डॉक्टरांकडे जा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आणखी एक शंका दबक्या आवाजात विचारली जाते: चांगलं लिहून ठेवलं की दृष्ट लागत नाही का? वही आपल्यापुरती आहे, स्टेटसला टाकायची नाही. तरी धाकधूक असेल तर पुठ्ठ्यावर काजळाचा ठिपका लावा आणि लिहायला लागा.

पहिला महिना

पहिला आठवडा रोज तीन नोंदी, वरच्या चार प्रश्नांसकट. दुसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस ठरवून घ्या. त्यातला एक दिवस वजाबाकीचा. तिसऱ्या आठवड्यात मागच्या पानावरच्या यादीतल्या एका माणसाला त्याची गोष्ट सांगून या. चौथ्यात एक पत्र लिहा, पाठवायचं की नाही ते नंतर ठरवा. महिना झाला की पहिल्या पानापासून सगळं एकदा वाचा. कोणत्या माणसाचं नाव सारखं येतंय आणि कोणाचं एकदाही आलेलं नाही, ते बघा. घरातल्या एखाद्या माणसाचं नाव महिन्याभरात आलंच नसेल तर पुढच्या आठवड्यात त्याच्यावर नजर ठेवा. तो काहीच करत नाही असं क्वचितच असतं.

फरक पडतोय हे ओळखायचं कसं? 'मी आनंदी झालो का' असं रोज तपासू नका, त्यानं उलट बेचैनी वाढते. खूण वेगळी असते. दिवसभरात एखादी गोष्ट घडत असतानाच मनात येतं, हे लिहायला पाहिजे. लिहिण्याआधीच टिपणं सुरू झालं की वही लागू पडली असं समजा.

पुढे कंटाळा येईल, तेव्हा आपल्याकडच्या दिनदर्शिकेची मदत घ्या. बेंदराला बैलाचे खांदे मळून त्याला पोळी खाऊ घालतात, खंडेनवमीला उद्यमनगरातल्या लेथ मशिनला झेंडूचा हार चढतो. हे सण म्हणजे वर्षभर राबणाऱ्याची आठवण काढायचे ठरलेले दिवसच आहेत. २०२२ साली शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला ६ मे रोजी सकाळी दहा वाजता कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. अशा दिवशी नेहमीच्या तीन नोंदींऐवजी एकच, पण पानभर लिहा: बैलाबद्दल, मशिनबद्दल, नाहीतर ते मशिन शिकवणाऱ्या उस्तादाबद्दल.

खंड पडेल. गणपतीत पडेल, लग्नसराईत पडेल, पोरांच्या परीक्षेत पडेल. राहिलेले दिवस भरून काढायला बसू नका. नवीन पानावर आजची तारीख घाला आणि आज सकाळपासून पहिला भेटलेला माणूस कोण, त्यानं काय केलं, तिथून सुरुवात करा.